चट्टा कातडीवर, चट्टा भिंतीवर

भाईंदरजवळच्या उत्तन-डोंगरीत मराठी मिस्सेला बायबलमधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट वाचली जाते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झडलेली बोटे येतात. या साऱ्यामागचा जुना हिब्रू शब्द ‘त्साराथ’ मात्र बोटांबद्दल काहीच सांगत नाही. बायबलच्याच लेवीय ग्रंथाच्या 13व्या-14व्या अध्यायांत तो कातडीवरच्या पांढुरक्या चट्ट्यांना लावला आहे. शिवाय लोकर, लिनन, चामडे आणि घराच्या भिंतींवरच्या हिरवट-तांबूस डागांनाही. भिंतीला कुष्ठरोग कसा होईल? हे डाग पाहणारा याजक काही वैद्य नव्हता. तो चट्टा तपासायचा, शंका वाटली तर माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचा आणि शुद्ध की अशुद्ध ते ठरवायचा. औषध नाहीच. गंमत म्हणजे अंग नखशिखांत पांढरे पडले, तर माणूस शुद्ध!

ग्रीक भाषांतरात ‘लेप्रा’ आला, मराठीत ‘महारोग’, आणि जुना विटाळ वेगळ्याच आजाराच्या, आजच्या कुष्ठरोगाच्या, माथी बसला. त्या आजाराचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत 1873 मध्ये शोधला. आपल्याकडे घटस्फोटाचे कारण म्हणून हा आजार कायद्यातून वगळला गेला 2019 मध्ये, फारच उशिरा. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखाना गाठा. सहा महिने ते वर्षभराचे औषध तिथे मोफत मिळते.