शोकांतील विसावा

पतीच्या निधनाला महिनाहि झालेला नसतां एखाद्या बाईला मुलाच्या बोबड्या बोलानें हसूं फुटतें, आणि लगेच ती ओशाळते. आपली माया इतकी उथळ कीं काय, ही शंका तिला जाळूं लागते. ती निराधार आहे.

१९१७ सालीं फ्रॉइडनें शोक हें मनाचें कष्टाचें काम म्हणून वर्णिलें. त्यावरून पुष्कळांनीं असा अर्थ घेतला कीं, दुःखाकडे क्षणभर पाठ फिरविणें म्हणजे कामचुकारपणा. हॉलंडमधील यूट्रेक्ट विद्यापीठांतील मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट यांनीं १९९९ सालीं निराळें मत मांडलें. शोकाकुल मन येरझारा घालीत असतें. कधीं गेलेल्याच्या आठवणींत बुडतें, तर कधीं बँकेचे कागद, मुलांची शाळा, एकटीवर पडलेला संसार यांकडे वळतें. दोन्ही गोष्टी शिणविणाऱ्याच. म्हणून दोहोंपासून मधून मधून सुटी मिळणें त्यांनीं आवश्यक मानलें.

ही सुटी फार मोठी नसते. बागेंत एक फेरी, पत्त्यांचा डाव, दुपारची निर्वेध झोंप. मात्र विसावा निराळा आणि पळ काढणें निराळें. विसावलेलें मन आठवणीकडे परत येऊं शकतें. पळणारा तसबिरीकडे पाहणें, नांव काढणें, सारेंच वर्षानुवर्षें टाळीत राहतो.

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकानें शेवटच्या दिवसाची हकीकत पुन्हा वदवून घेण्याचा प्रघात या दृष्टीनें निर्दयच म्हणावा लागेल. मुलाला तासभर आपल्या घरीं नेऊन तिला निजूं देणारी शेजारीण त्याहून उपयोगी.