दहा सेंटांचा ठोसा

'कॅप्टन अमेरिका' कॉमिकच्या पहिल्या अंकावर महिना छापलाय मार्च 1941, पण अंक विक्रीला आला डिसेंबर 1940 मध्येच. पर्ल हार्बर अजून वर्षभर लांब होतं, अमेरिका युद्धात उतरली नव्हती आणि मुखपृष्ठावर मात्र निळ्या पोशाखातला नायक खुद्द हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. मागच्या पडद्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यातला घातपात. ढाल तिकोनी, दुसऱ्या प्रकाशकाने आक्षेप घेतला म्हणून पुढच्या अंकापासून ती गोल झाली. किंमत दहा सेंट. जो सायमन आणि जॅक कर्बी हे कर्ते दोघेही ज्यू. अमेरिकेतल्या नाझीधार्जिण्यांकडून धमक्या येऊ लागल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ला ग्वार्डियांनी, स्वतः फोन करून धीर दिला, असं सायमन सांगत.

पुढे युद्ध पेटलं आणि ॲलेक्स शोम्बर्गसारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठांवर रणगाडे, विमानं, बॉम्ब, बंदिवान यांची नुसती खच्चून गर्दी केली. आतल्या कथेशी त्याचा संबंध असेलच असं नाही. स्टॉलवरच्या पोराने दहा सेंट काढले की काम झालं.

हे अंक लाखांनी खपले, मग आज मिळत का नाहीत? कारण ज्या युद्धाचा प्रचार त्यांनी केला, त्यानेच ते गिळले. कागद वाचवा मोहिमेत पोरांनी हौसेने आपले गठ्ठे रद्दीत दिले. उरले त्यांचा कागदही हलका, वर्तमानपत्री. अंगच्याच आम्लाने पिवळा पडून कडांना तुकडे पडणारा. म्हणून संग्राहक आधी कणा बघतो, मग पिना गंजल्यात का ते. गुपचूप केलेली डागडुजी उघड झाली की भाव कोसळलाच! 2022 मध्ये त्या पहिल्या अंकाची जवळपास नव्यासारखी, 9.4 दर्जाची प्रत एकतीस लाख वीस हजार डॉलरला गेली.

मात्र या छंदात एक बोच आहे. हिटलर या चित्रांत हिटलरच दिसतो. जपानी माणूस मात्र सुळेवाला, पिवळाजर्द, बिनचेहऱ्याचा जमाव. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या 58व्या अंकावर सुपरमॅन छापयंत्र चालवतोय. बाहेर पडणारी पत्रकं सांगतात, युद्धरोखे घ्या आणि जपान्याला थोबाडीत द्या. अंक मार्च 1943 चा. तेव्हा अमेरिकेतच जपानी वंशाची लाखाहून अधिक माणसं काटेरी तारांच्या छावण्यांत होती, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक.