विप्रकृष्ट हेतू आणि सैनिकाचे कुटुंब

नगर शहरात किंवा भोवतालच्या तालुक्यांत दहा-पंधरा वर्षे चिकित्सा करीत असलेल्या वैद्यबंधू-भगिनींनी एकदा आपले जुने केसपेपर चाळून पाहावेत. ‘व्यवसाय : मिलिटरी’ अशी नोंद असलेले कागद प्रत्येकाच्या दप्तरात मोठ्या संख्येने सापडतील. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, यांत्रिक पायदळाचे रेजिमेंटल सेंटर, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आणि या सर्वांभोवतीचा कॅन्टोन्मेंटचा परिसर यांमुळे रणगाडा आणि जवान हे दृश्य नगरकरांच्या सवयीचे आहे. शिवाय पारनेर, श्रीगोंद्यासारख्या कोरडवाहू तालुक्यांतील कित्येक घरांत सैन्यातील नोकरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. असे असूनही ‘मिलिटरी’ या एका शब्दापलीकडे आपण काय लिहून ठेवतो, हा प्रश्न मला स्वतःच्याच दप्तराने विचारला.

गतवर्षी दप्तर आवरताना दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांत एकाच पत्त्याचे दोन कागद हाती आले. पहिला १९९९च्या पावसाळ्यातला. रुग्णा वय २६, अनिद्रा, हृद्‌द्रव, अन्नावर वासना नाही. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, ‘रात्रौ जागरण. कारण?’ ते प्रश्नचिन्ह तसेच राहिले होते. अश्वगंधा दिली, पादाभ्यंग सांगितले, पुढे दोन वेळा रुग्णा आली, थोडा उपशय मिळाला आणि कागद बंद झाला. दुसरा कागद २००८चा, त्या रुग्णेच्या पतीचा. कटिशूल आणि डाव्या कानाने कमी ऐकू येणे. वातव्याधीची चिकित्सा, बस्ती, अभ्यंग. हा गृहस्थ सैन्यात रणगाड्याचा चालक होता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी बोलता बोलता कळले. १९९९च्या मे ते जुलै या काळात कारगिलचे युद्ध चालू होते. त्या दिवसांत पती कोठे आहे, घरी पत्र किंवा फोन येतो की नाही, हे मी त्या बाईंना विचारले नव्हते. कारण समोर बसले होते आणि मी ते प्रकृतीत शोधत होतो.

आपल्या शास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. माधवनिदानाच्या मधुकोश टीकेत हेतूचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी आणि प्राधानिक असे चार प्रकार सांगितले आहेत. विप्रकृष्ट म्हणजे दूरचा. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात व्याधी उत्पन्न करतो, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. हेतू आणि व्याधी यांत एका ऋतूचे अंतर असले तरी वैद्याला दोन्ही टोके दिसतात. परंतु हे अंतर दहा किंवा तीस वर्षांचे असेल तर? एकाच वैद्याला दोन्ही टोके दिसणे दुर्मीळ. दीर्घकालीन आरोग्य संशोधनाची सारी खटपट या अंतरासाठी असते.

या पद्धतीला आधुनिक वैद्यकात कोहॉर्ट अभ्यास म्हणतात. रोग झालेल्या माणसाला भूतकाळ विचारण्याऐवजी, रोग होण्यापूर्वीच मोठा समूह निवडावयाचा, त्याची तेव्हाची अवस्था नोंदवावयाची आणि मग वर्षानुवर्षे त्याच माणसांना पुन:पुन्हा भेटत राहावयाचे. आपल्या शेजारचे उदाहरण द्यावयाचे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला मातृपोषणाचा अभ्यास पाहावा. तेथे स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली आणि जन्मलेल्या मुलांचे अनुवर्तन ती मोठी होईपर्यंत चालू राहिले. वजनाने कमी, पण त्या मानाने मेद टिकवून असलेले भारतीय अर्भक ही महत्त्वाची गोष्ट त्यातून जगापुढे आली. रुग्णाची स्मृती फसवी असते. ज्याची कंबर आज दुखते, त्याला पूर्वीचे प्रत्येक ओझे आठवते. ज्याची दुखत नाही, तो ते विसरलेला असतो. आगाऊ केलेली नोंद एवढ्यासाठीच मोलाची.

सैनिकांच्या बाबतीत ही जाणीव अमेरिकेला फार महागात पडून झाली. १९९१च्या आखाती युद्धात त्यांचे सुमारे सात लाख सैनिक गेले. परतल्यावर त्यांतील पुष्कळांनी थकवा, सांधेदुखी, विस्मरण, निद्रानाश अशा संमिश्र तक्रारी सांगावयास आरंभ केला. युद्धापूर्वी हे लोक कसे होते, याची तुलनेसाठी उपयोगी पडेल अशी नोंदच नव्हती, त्यामुळे वाद वर्षानुवर्षे मिटेना. त्यावर उपाय म्हणून २००१च्या जुलैमध्ये ‘मिलेनियम कोहॉर्ट’ हा अभ्यास सुरू झाला. पहिल्या तुकडीत ७७,०४७ जण सहभागी झाले, पुढे आणखी तुकड्यांची भर पडली आणि ही संख्या दोन लाखांच्या पलीकडे गेली. सैन्य सोडल्यावरही सहभागी व्यक्तीचा पाठपुरावा चालू ठेवणे, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य. तो सुरू होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच अफगाणिस्तानातील युद्ध सुरू झाले. म्हणजे या वेळी पूर्वावस्थेची नोंद युद्धाच्या आधीच हाती होती.

त्यातून निघालेले दोन निष्कर्ष आपण मुद्दाम लक्षात घ्यावेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५० हजार जणांवरील लेखात असे दिसले की, मोहिमेवर जाऊन प्रत्यक्ष लढाई अनुभवलेल्या सैनिकांत आघातोत्तर मानसिक विकाराची नवीन लक्षणे न गेलेल्यांच्या तुलनेत साधारण तिप्पट होती. मात्र मोहिमेवर जाऊनही लढाई न अनुभवलेल्यांत ती वाढलेली नव्हती. ‘सैन्यात होता’ किंवा ‘सीमेवर होता’ एवढी नोंद का अपुरी, हे यावरून कळावे. दुसरा निष्कर्ष २०१३चा. आत्महत्येचा संबंध मोहिमेशी असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. दीड लाखांहून अधिक सहभागींच्या पाहणीत तो संबंध आढळला नाही; विषण्णता, उन्मादासह येणारी विषण्णता आणि अतिमद्यपान यांच्याशी मात्र आढळला. हे वाचताना मला व्यभिचारी हेतूची आठवण झाली, जो एकटा व्याधी उत्पन्न करण्यास असमर्थ असतो. साम्य ओढूनताणून दाखविण्याचा माझा हेतू नाही. परंतु जे कारण डोळ्यांत भरते, तेच प्रधान असते असे नाही, हा विवेक दोन्हीकडे सारखाच आहे.

कुटुंबाकडे लक्ष जाण्यास मात्र आणखी वेळ लागला. २०१० मध्ये अडीच लाख सैनिकपत्नींच्या बाह्यरुग्ण नोंदींवर आधारलेला एक लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पती मोहिमेवर असलेल्या स्त्रियांत विषण्णता, निद्राविकार आणि चिंता यांची निदाने अधिक होती, आणि पतीची अनुपस्थिती अकरा महिन्यांहून लांबली की त्यांत आणखी भर पडत होती. २०११ मध्ये मिलेनियम कोहॉर्टला जोडूनच कुटुंबांचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला आणि त्यात जवळजवळ दहा हजार पती-पत्नींची नोंद झाली. माझ्या १९९९च्या कागदावरील प्रश्नचिन्हाचे उत्तर तेथे मिळते, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णेवरून काहीच सिद्ध होत नाही. प्रश्न विचारण्याजोगा होता, एवढे मात्र नक्की.

भारतात असे काम झाले नाही असे कोणी समजू नये. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरील जवानांना घाईने हिमालयात न्यावे लागले आणि पर्वतविकाराचा प्रश्न उग्र झाला. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणावर १९६९ मध्ये लिहिलेला लेख जगभर आधारभूत मानला गेला. त्याहून आपल्या विषयाला जवळचा त्यांचा १९७७चा लेख. १९६५ ते १९७२ या काळात सपाटीवरील १,३०,७०० आणि सुमारे ३,७०० ते ५,५०० मीटर उंचीवरील २०,००० जवानांच्या रोगनोंदींची त्यात तुलना आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृद्‌रोग, श्वास यांचे प्रमाण उंचीवर कमी आढळले. देशभेदाने रोगभेद होतो, या आपल्या सिद्धान्ताला ही पुष्टीच, असे म्हणण्याचा मोह मलाही झाला. परंतु थोडे थांबावे. उंचीवर पाठविण्यापूर्वी जवान पारखून घेतलेला असतो आणि आजारी पडला तर त्याला खाली आणले जाते. तेथे उरतो तो मुळात बलवान. देशाचा गुण किती आणि निवडीचा किती, हे केवळ अशा तुलनेवरून सांगता येत नाही.

सैन्यातील जवानाच्या नोंदी तुटपुंज्या नसतात. नियमित वैद्यकीय तपासणी होते. मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांची श्रेणी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांत लिहिली जाते. निवृत्तीच्या वेळी पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. मात्र सामान्य जवान ऐन पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन गावी परततो, आणि ज्या वयात दूरच्या हेतूंची फळे दिसू लागतात त्याच वयात हा धागा सैल होतो. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही योजना आली आणि उपचारांची मोठी सोय झाली. तरीही गुडघा, कंबर, आम्लपित्त, झोप यांसाठी तालुक्याच्या गावी तो येतो आपल्याकडेच. पती ‘फील्ड’वर असताना सासरी राहिलेली पत्नी, शाळा बदलत गेलेली मुले, वाट पाहणारी आई हीसुद्धा आपल्याकडेच येतात. एका घराच्या तीन पिढ्या तीस वर्षे पाहणारा नगर जिल्ह्यातील वैद्य हा नकळत अशा अनुवर्तनाच्या मध्यावर बसलेला असतो.

सुश्रुताने सूत्रस्थानात युक्तसेनीय नावाचा संपूर्ण अध्याय सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्यासाठी लिहिला आहे. मार्ग, जल, छाया, अन्न, चारा, इंधन हे सारे शत्रू दूषित करू शकतो, म्हणून वैद्याने ते तपासावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे रुग्णाच्या देहाआधी त्याचा परिसर पाहावयाचा. रणगाड्यातील जवानाचा परिसर कोणता, हे नगरच्या वैद्याला तरी कळावयास हवे. बंद पोलादी पेटीतील उष्णता, इंजिनाचा व तोफेचा आवाज, तासन्‌तास बसणारे हादरे, धूर, अवेळी भोजन, आणि चरकाने ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात सांगितलेले वेगधारण. अवजड वाहनांच्या चालकांत हादऱ्यांचा कटिशूलाशी असलेला संबंध आणि सततच्या मोठ्या आवाजाने येणारे कायमचे बाधिर्य या आता सर्वमान्य गोष्टी आहेत. माझ्या २००८च्या रुग्णाला मी कानात तेल सोडावयास सांगितले. श्रवणतपासणीला पाठवावयास हवे होते, ते राहून गेले.

तेव्हा केसपेपरवर काय वाढवावे? मी आता एवढे करतो. सेवेचा आरंभ आणि शेवट यांची वर्षे, काम कोणते (चालक, तोफची, स्वयंपाकी, कारकून, सारे ‘मिलिटरी’च, पण हेतू भिन्न), आणि देश. देश लिहिताना ठाण्याचे नाव मी विचारीत नाही व सांगितले तरी लिहीत नाही. अत्युच्च पर्वत, वाळवंट, दमट अरण्य, सपाटी आणि किती महिने, एवढे चिकित्सेला पुरते. बाकीचे त्याचे गुपित राहणेच योग्य. लढाई किंवा स्फोट जवळून अनुभवला का, हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळतो. झोप, मद्य व तमाखू यांची चौकशी पत्नीसमोर करीत नाही. निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचा कागद मिळाला तर शेपची श्रेणी उतरवून घेतो, कारण आपल्याला उपलब्ध होणारी पूर्वावस्था तीच. दशविध परीक्षेतील सात्म्य, सत्त्व आणि व्यायामशक्ती यांची नोंद प्रत्येक वर्षी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत करण्याचा प्रयत्न असतो. एका वर्षी ‘मध्यम’ आणि पुढच्या वर्षी ‘बरी’ असे लिहिले तर दहा वर्षांनी त्यांतून काहीही वाचता येत नाही. आणि सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे एका घराचे सारे कागद एका पाकिटात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांपैकी बहुतेकांना कटिशूल आहे, यावरून सैन्यसेवेने कटिशूल होतो असा लेख मी लिहिला तर तो अशास्त्रीय ठरेल. ज्यांची कंबर दुखत नाही, ते माझ्याकडे येतच नाहीत. त्याच गावातील, त्याच वयाचे, शेती करणारे किती जण कंबर धरून बसतात, हे मोजल्यावाचून तुलना होत नाही. अमुक कल्पाने सैनिकांचा निद्रानाश बरा होतो, अशी विधाने करणाऱ्यांनी तर हे अधिकच ध्यानात घ्यावे. एकट्या वैद्याचे दप्तर हा पुरावा नव्हे. एकाच पद्धतीने लिहिलेली पन्नास दप्तरे ही पुराव्याची सुरुवात असू शकते. आपल्या संघटनेने नोंदीचा एक सामाईक नमुना ठरविला, वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या परंपरेतील नगरच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे तो ठेवला आणि रुग्णाची लेखी संमती घेण्याची रीत पाळली, तर हे काम या जिल्ह्यात अवघड नाही. १ मे २०२२ पासून देशातील ३७ कॅन्टोन्मेंट रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय झाला. खडकी, देहूरोड, कामठी यांचा त्यांत समावेश होता. तेथील वैद्यांशी नमुना जुळवून घेता आला तर उत्तमच.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश जण पुढे सेवेत राहतील. बाकीचे चार वर्षांनी, म्हणजे पंचविशीच्या आसपास, गावी परततील आणि त्यांना ईसीएचएसचा लाभ नाही. त्यांच्या आरोग्याचा पुढील चाळीस वर्षांचा इतिहास ज्या कागदांवर लिहिला जाईल, त्यांत आपले केसपेपर असणारच. नमुन्याचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. त्यात स्त्रियांच्या कागदावर ‘पती सध्या कोठे?’ असा रकाना घातला होता. एका भगिनी वैद्येने तो खोडून ‘घरी सोबत कोण?’ असे सुचविले, आणि तेच कायम केले आहे.