पॅरिशची वही आणि गावाचे दप्तर

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातला शेतमजूर कधी जन्मला, त्याचे लग्न कोणाशी लागले आणि त्याला कुठे पुरले, हे आज शोधू गेल्यास बहुधा सापडते. त्याच काळातल्या मुरुडच्या किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावच्या सालगड्याविषयी हेच विचारले तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. आपल्या लोकांना लिहून ठेवण्याची सवयच नव्हती, असे याचे कारण सांगितले जाते. ते मला पटत नाही. आपले गाव भरपूर लिहीत होते. फक्त ते माणसाची नव्हे, जमिनीची नोंद ठेवत होते.

इंग्लंडात प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली काढला. 1813 पासून छापील नमुने आले. बाप्तिस्म्याच्या एका ओळीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही असे. जमीनदाराच्या मुलाला आणि मजुराच्या मुलाला त्या पानावर सारखीच जागा मिळे. आमच्याकडे कुलकर्ण्याच्या मोडी दप्तरात शेत, कूळ, सारा, इनाम आणि बलुते यांचा चोख हिशेब असे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली आणि वरच्या कचेऱ्यांचा कारभार फारसी-उर्दूत चालला, तरी गावपातळीवरचा हा हिशेब सुटला नाही. पण त्यात महार दिसतो तो वतनदार म्हणून, हाडोळ्याच्या, म्हणजे वतनापोटी मिळालेल्या, जमिनीपुरता. त्याची बायको, अल्पवयात गेलेली लेकरे, घरात राबणाऱ्या सुना यांना त्या कागदावर जागा नाही. ज्याच्यावर सारा नाही, त्याची नोंदही नाही.

यावर कोणी म्हणेल की पॅरिशची वही तरी कुठे माणुसकीपोटी ठेवली जात होती? आक्षेप खरा आहे. अनौरस मुलापुढे तसा शेरा मारला जाई, चर्चपासून फुटलेल्या पंथांची मुले पुष्कळदा वहीबाहेर राहत, आणि गरीब नेमका कोणत्या पॅरिशच्या माथी मारायचा या वादात हेच कागद पुरावा होत. तरीही अपमानाच्या शेऱ्यासोबत नाव उरले, आणि नाव उरले म्हणून पुढे त्या माणसाचा इतिहास लिहिता आला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पंढरपूर, तुळजापूर, नाशिक येथील उपाध्यांच्या वह्यांत आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेतच की! आहेत, आणि ती मोलाची आहेत. पण ज्यांना देवळाची पायरीही बंद होती, त्यांची वंशावळ या वह्यांत कशी उतरणार? पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली.

मराठवाड्यातही चर्चभोवती गाव वसवण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला, तो जालन्याजवळ बेथेल येथे. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे, निजाम सरकारकडून जमीन मिळवून ही वसाहत उभी केली. तिथे आलेल्यांत मातंग कुटुंबे पुष्कळ होती. या धर्मांतराबद्दल मतभेद असू शकतात, तेव्हाही होते. पण बाप्तिस्मा नावानिशी होतो, आणि गावाच्या हिशेबात ज्यांची गणना केवळ जातीच्या कामापुरती होती त्यांना तिथे प्रत्येकी स्वतःचे नाव मिळाले. गावाने हे करायला ख्रिस्ती व्हायची गरज नव्हती; सगळ्यांना लिहून ठेवण्याचे बंधन तेवढे हवे होते.

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे तपासली, तेव्हा जुन्या कागदाची किंमत सर्वांना कळली. पण शोध एका नोंदीपुरता थांबू नये. जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, जुन्या घरांतले मोडी कागदांचे रुमाल यांत बिनजमिनीची माणसे तुरळक का होईना, सापडतात. आपल्या गावातला असा कागद रद्दीत जाण्याआधी त्याचा फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्या, आणि त्यातले प्रत्येक नाव, मजुराचे आणि बाईचे आधी, उतरवून ठेवा.