एक तह, दोन मजकूर

‘अमुक यांच्या मार्फत’ असे आपण अर्जावर, पावतीवर सहज लिहितो. हा ‘मार्फत’ अरबी ‘मारिफत’वरून आला. मूळ अर्थ ओळखणे, जाणणे. त्याच धातूपासून अरबीत ‘यारिफु’ म्हणजे ‘तो जाणतो’ आणि ‘यातरिफु’ म्हणजे ‘तो मान्य करतो’ अशी दोन रूपे होतात. उर्दूतला ‘एतराफ’ याच दुसऱ्या रूपाचा भाऊ. जाणणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे, हे कोणालाही कळेल. पण १८३७ मध्ये अल्जीरियात एक तह झाला, त्यात नेमकी इथेच मेख राहून गेली.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीअर्स शहर घेतले. दोन वर्षांनी पश्चिमेकडच्या कबिल्यांनी अब्दुल कादिर या तरुणाला आपला अमीर निवडले. वय जेमतेम चोवीस. घराणे कादिरिया सिलसिल्याचे. म्हणजे बगदादच्या ज्या अब्दुल कादिर जिलानींची ग्यारवी आपल्याकडेही होते, त्यांना मानणारे. वडिलांबरोबर हजला गेला असताना त्याने बगदादची जियारतही केली होती. किताबात रमणारा हा माणूस पुढे घोड्यावर बसला आणि त्याने फ्रेंचांना जेरीस आणले. १८३५ मध्ये माक्ता इथे त्यांचा मोठा पराभव केला.

फ्रान्सला तेव्हा पूर्वेकडचे कॉन्स्टंटिन शहर घ्यायचे होते. दोन आघाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून जनरल ब्यूजो यांना अमिराशी बोलणी करायला सांगण्यात आले. मध्यस्थ होता बेन दुरान नावाचा यहुदी व्यापारी. मुसलमान अमीर, ख्रिस्ती सेनापती आणि दोघांमधला यहुदी दुवा अशी ही बोलणी ३० मे १८३७ रोजी ताफना नदीकाठी तहात संपली. ओरान, अल्जीअर्स, मितिजाचे मैदान आणि किनाऱ्यावरची काही ठाणी फ्रान्सकडे राहिली. आतला मोठा मुलूख अमिराकडे आला. बदल्यात त्याने ३० हजार माप गहू, तितकेच जव आणि ५ हजार बैल द्यायचे ठरले.

मजकूर दोन भाषांत होता. फ्रेंच मजकुरातले पहिलेच कलम सांगत होते की अमीर आफ्रिकेतील फ्रान्सचे सार्वभौमत्व मान्य करतो. अरबी मजकुरात होते की फ्रान्सची सत्ता आहे, हे अमीर जाणतो. पॅरिसने वाचले, अमीर आपला मांडलिक झाला. अमिराने वाचले, शेजारी कोण आहे ते आपण जाणतो, बस्स. पूर्वेकडच्या हद्दीचेही तसेच. फ्रेंच मजकुरात एका नदीपर्यंत ‘आणि त्यापलीकडे’ असे शब्द होते. पलीकडे म्हणजे किती? फ्रेंच म्हणाले, थेट कॉन्स्टंटिनपर्यंत. अमिराने ते कधीच कबूल केले नाही. पुढच्या वर्षी मार्शल वाले यांनी कलमे बदलून मागितली, तेव्हाही त्याने नकार दिला.

१८३९ च्या ऑक्टोबरात फ्रेंच फौज त्याच वादग्रस्त मुलखातून, ‘लोखंडी दरवाजे’ या खिंडीतून चालत गेली. अमिराने तह मोडल्याचे जाहीर केले आणि युद्ध पेटले. ज्या ब्यूजोंनी तह केला, तेच पुढे गव्हर्नर-जनरल होऊन आले आणि त्यांनी गावेच्या गावे, उभी पिके जाळली. १८४७ च्या डिसेंबरात अमीर शरण आला तो एका वचनावर, की त्याला अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ दिले जाईल. तेही पाळले गेले नाही. फ्रान्समध्ये जवळपास पाच वर्षे त्याला कैदेत ठेवले. १८५२ मध्ये लुई नेपोलियनने त्याची सुटका केली.

दुभाषी माणूस म्हणून मी वर्गात मुलांना हा तह नेहमी सांगतो. शब्द चुकला तर दुरुस्त करता येतो. नियत चुकली की कोश उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजू सारख्या बळाच्या असत्या, तर ‘पलीकडे’चा अर्थ बसून ठरवता आला असता. इथे तो तोफेने ठरवला.

पण गोष्ट कैदेत संपत नाही. अमीर पुढे दमास्कसला स्थायिक झाला. जुलै १८६० मध्ये तिथे ख्रिस्ती वस्तीवर जमाव तुटून पडला. वचन मोडलेल्यांचेच हे धर्मबांधव; सूड घ्यायची संधी चालून आली होती. अमिराने आपल्या अल्जीरियन साथीदारांसह गल्ल्यांतून फिरून लोकांना घरी आणले आणि हजारोंचे प्राण वाचवले. नंतर एका बिशपने आभार मानले, तेव्हा त्याचे उत्तर साधे होते. शरीयत आणि माणुसकीचा हक्क यांनी जे सांगितले तेच आपण केले, असा त्याचा आशय होता.

कुरआनची पाचवी सूरह, माइदा, करार पाळण्याच्या आदेशानेच सुरू होते. रमजानचा रोजा हाही एक करारच. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले, तर तपासायला कोणी येत नाही. तरी रोजेदार पीत नाही. त्या कराराचा मजकूर एकच असतो आणि ‘पलीकडे’ हा शब्द त्यात नसतो.