बोलायचे राहून गेले, असे होऊ नये

माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे येणाऱ्या एका आजींना वयाच्या ७८ व्या वर्षी जठराचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. मोठ्या मुलाने अहवाल माझ्यापुढे ठेवून हात जोडले. ‘डॉक्टर, आईला यातले काही कळू देऊ नका. ती हाय खाईल.’ मी मान डोलावली.

मार्गशीर्षात त्यांना तपासायला घरी गेलो असता आजींनी विचारले, ‘डॉक्टर, यंदाचा आंबा माझ्या नशिबी आहे का हो?’ मी हसून म्हणालो, ‘नशिबाचे काय घेऊन बसलात, आजी? आमरस खायला मी तुमच्याकडेच येणार आहे.’ त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे कूस वळवून पडून राहिल्या.

माघात त्या गेल्या. तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाई भेटायला आल्या. सासूबाईंच्या ट्रंकेत एक गाठोडे सापडले होते : कोरे लुगडे, गंगाजलाचा गडू आणि ‘खर्चासाठी’ म्हणून बाजूला ठेवलेले पैसे. आजींचा धाकट्या बहिणीशी जमिनीच्या वाटणीवरून अकरा वर्षे अबोला होता. रात्री सोबतीला असणाऱ्या बाईंजवळ त्या म्हणाल्या होत्या, ‘बहिणीला बोलवा म्हणणार होते. पण तसे म्हटले, तर मला सगळे कळले आहे हे पोरांना कळेल.’

मुले आईला जपत होती, आई मुलांना जपत होती, आणि त्या लपंडावात मी, त्यांचा डॉक्टर, सामील झालो होतो.

मृत्यूनंतर वापरायचे शब्द आपल्या भाषेत विपुल आहेत. माणूस वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो, कैलासवासी किंवा वैकुंठवासी होतो. मृत्यूपूर्वी मात्र एकच वाक्य उरते : ‘असे अभद्र बोलू नये.’ वास्तविक, लुगडे आणि गंगाजल बांधून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हा विषय वर्ज्य नव्हता. तो वर्ज्य केला आपण.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ महिलेने शिकागो येथे मरणासन्न रुग्णांशी प्रत्यक्ष बोलून १९६९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. नकार, राग, देवाशी सौदा, खिन्नता आणि स्वीकार या त्यांनी सांगितलेल्या पाच अवस्था प्रसिद्ध आहेत. त्या प्रत्येकाला याच क्रमाने येतात असे मात्र नाही. मला त्यांचे मोल वाटते ते निराळ्या कारणासाठी : त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून त्यालाच विचारले आणि त्याचे ऐकून घेतले.

कसे बोलावे?

रुग्णाला सारे एका दमात सांगून टाकावे, असे मी म्हणत नाही. तो किती जाणू इच्छितो, याचा माग घ्यावा. ‘मी बरा होईन ना?’ असे त्याने विचारले, तर ‘काही होत नाही तुम्हाला’ हे उत्तर दार बंद करते. ‘तुम्हाला काय वाटते?’ ‘कशाची काळजी वाटते आहे?’ असे विचारून गप्प बसावे. माझा अनुभव असा, की बहुतेकांना मरणाची भीती कमी आणि वेदनांची, श्वास कोंडण्याची, घरच्यांवर भार होण्याची भीती अधिक असते. यांतील पहिल्या दोन भीतींवर वैद्यकशास्त्राकडे उपाय आहेत. उपशामक उपचारांमध्ये वेदना, धाप व अस्वस्थता यांना आवर घातला जातो, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या हे त्यातील महत्त्वाचे साधन आहे. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले ‘शांती आवेदना सदन’ हे अशी शुश्रूषा करणारे भारतातील पहिले केंद्र.

अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. रुग्ण खात नाही म्हणून तो जात नाही, तर शरीर मिटत चालल्यामुळे त्याचे खाणे थांबते. म्हणून बळेच भरवू नये. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ओल्या कापसाने ओठ व जीभ ओली करावी. गंगाजल द्यायचे असेल, तर तेही असेच, ओठांपुरते द्यावे.

घरातील लहान मुलांना ‘आजी झोपली’ असे सांगू नये, कारण काही मुले मग झोपेलाच घाबरू लागतात. ‘आजीचे शरीर थांबले, ती आता परत येणार नाही,’ असे जवळ घेऊन सांगावे.

इच्छा लिहून ठेवावी

अतिदक्षता विभागाच्या दारात, ‘कृत्रिम श्वास लावायचा का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांना काही मिनिटांत द्यावे लागते. आईवडिलांची इच्छा ठाऊक नसेल, तर त्या उत्तराचे ओझे मुले आयुष्यभर वाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. सुज्ञ, सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष असे पत्र करू शकते. त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या निकटवर्तीयांची नावे त्यात लिहावीत आणि एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी. हे पत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तेव्हाच ते लागू होते, आणि तेही रुग्णालयातील डॉक्टरांच्या दोन मंडळांनी अभिप्राय दिल्यावर. इंजेक्शन देऊन जीवन संपवण्याशी याचा काहीही संबंध नाही.

कागद मात्र पुढचा. आधी संवाद हवा. ज्येष्ठ वाचकांनी मुलांच्या धाडसाची वाट पाहू नये. सगळे निवांत असतील अशा एखाद्या संध्याकाळी त्यांनीच विषय काढावा.

आजींचा तो प्रश्न आज कुणी मला विचारला, तर मी खुर्ची जवळ ओढीन आणि म्हणेन, ‘आंब्यापर्यंतचे सांगणे कठीण आहे, आजी. त्याआधी कुणाला भेटायचे आहे का?’