तांब्याची तक्रार आणि कार्ल्याचा सुतार

मोबाईलवर सध्या एका मेसोपोटेमियन व्यापाऱ्याची बरीच टिंगल चालते. त्याचे नाव इया-नासिर. इ.स.पू. १७५० च्या सुमारास उर शहरातल्या या माणसाला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर कीलाक्षर लिपीत पत्र लिहिले: तांबे हलक्या प्रतीचे दिलेस, वर माझ्या माणसाशी उद्धटपणे वागलास. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आमच्यातला एक जण कुरकुंभ एमआयडीसीतली नाईट करून विहारात आला आणि हा विनोद सगळ्यांना दाखवू लागला. माल रिजेक्ट होणे म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही. हसून झाल्यावर त्याने विचारले, "आपल्याकडे असं साध्या माणसाचं लिहिलेलं काही नाही का?"

आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. लेखात त्याला 'वढकि' म्हटले आहे. हिंदीतला 'बढई' तोच. त्याने या घराचे मुख केले, असे लेख सांगतो. तिथेच सिंहदत्त या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान आहे. आतले अनेक खांब यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसे घडवणाऱ्यांच्या श्रेणीही तिथल्या लेखांत भेटतात. राजांचे लेख आहेतच, पण लेणी उभी राहिली ती या कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातांनी व पैशांनी. समाजशास्त्राच्या वर्गात श्रमाचा इतिहास शिकताना आम्हाला युरोपातल्या कारागीर संघांची उदाहरणे मिळाली. जुन्नरचे नाव कोणी काढले नव्हते.

ही अक्षरे वाचता कशी आली, ती कथा आम्हाला सर्वांत आवडते. कीलाक्षरांच्या बाबतीत पहिला धागा राजाच्या बिरुदात सापडला. १८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने इराणमधल्या जुन्या लेखांत 'राजांचा राजा' असे काहीतरी पुन्हा पुन्हा येत असणार, असा अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. आपल्याकडे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप सांचीचे छोटे छोटे लेख पाहत होता. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. इतक्या लोकांनी स्तूपाच्या दगडांवर शेवटी एकच शब्द का कोरावा? तो शब्द 'दानं' असणार, हे त्याने ताडले आणि पुढची अक्षरे सुटत गेली. म्हणजे ज्या लिपीत सम्राट अशोकाच्या आज्ञा आहेत, तिची किल्ली उपासक-उपासिकांच्या दानात सापडली.

नावाबद्दल एक गोष्ट. अशोक आपल्या लेखाला 'धम्मलिपी' म्हणतो, म्हणून आपण तोच शब्द वापरतो. पुस्तकांत मात्र 'ब्राह्मी' असे छापलेले असते. शोधताना दोन्ही शब्द टाका, नाहीतर अर्धी माहिती हाती लागणार नाही.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका शिलालेखाचा फोटो 'महाराष्ट्रातला सम्राट अशोकाचा लेख' म्हणून ग्रुपवर टाकला. तो आम्हालाही कुठून तरी फॉरवर्ड होऊन आला होता. शेकडो जणांनी पुढे पाठवला. मग एका अनोळखी माणसाने शांतपणे लिहिले, "यात 'पोढि' हा शब्द आहे, तो वाचा." पोढि म्हणजे पाण्याचे टाके. लेख जुन्नरचा होता, अशोकानंतरचा, आणि कुणीतरी टाके दान केल्याचा. अशोकाचा खरा लेख पाहायचा तर सोपाऱ्याचे नाव घ्यावे लागते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना तिथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. याच आठव्या लेखात अशोकाच्या संबोधीच्या यात्रेचा उल्लेख आहे. आमचा फोटो काढून टाकता आला, पण पुढे गेलेला मजकूर परत आणता आला नाही. लेणी कोणाची या वादात समोरचा माणूस आपली अशी एक चूक दाखवतो आणि आपले नव्याण्णव खरे पुरावेही संशयाने पाहिले जातात. आपले नुकसान होते ते इथे.

यावर उपाय आम्हाला मेसोपोटेमियाच्याच अभ्यासात सापडला. कीलाक्षरे खरोखर वाचता येतात का, अशी शंका लोक घेत होते. तेव्हा १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट या चौघांच्या वाचनांवर तपासला. चौघांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे सीलबंद आली, एकत्र उघडली, आणि ती मुख्य मुद्द्यांत जुळली. आमच्याकडे सील नाही, चौघेही नाहीत. पण आता दोघे जण एकमेकांना न दाखवता वहीत वाचन लिहितात, छापील वाचनाशी ताडतात, आणि जुळले तरच फोटो पुढे जातो. लेणे कोणते, लेख कुठल्या भिंतीवर, अक्षर तुटलेले असेल तर ते कोणते, हेही सोबत लिहितो. पोस्ट कमी झाल्या. वाद घालणारेही कमी झाले!

सुरुवात अवघड नाही. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ठ' म्हणजे गोल, त्या गोलात टिंब दिले की 'थ'. 'ब' चौकोनी आणि 'न' उलट्या इंग्रजी टीसारखा. चार रविवारांत आमच्यातले बहुतेक जण 'दानं' ओळखू लागले. शिफ्टमुळे कुणी ना कुणी चुकतोच, म्हणून तक्ता विहाराच्या भिंतीवर लावून ठेवला आहे.

पुढच्या महिन्यात कार्ला. दौंडहून पुणे, तिथून लोणावळा लोकलने मळवली. एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे. ऊन तिरपे असते तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि फोटो चांगला येतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही जण त्यांत खडू किंवा रंग भरतात, पाणी मारतात. त्याने दगड खराब होतो. वही, पेन, टॉर्च सोबत घ्या. खडू घरीच ठेवा.